पालाश, पोटॅशियम आणि इस्केमिया: रिपोर्टातला आकडा कुठला?

तासगाव, द्राक्षबागायतदार: वडलांच्या छातीत दुखलं म्हणून मिरजेला ॲडमिट केलंय. फाईलवर 'इस्केमिया' लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, पोटॅशियमवर लक्ष ठेवायला लागेल, नाहीतर हृदयाचा करंट बिघडतो. रिपोर्टात ४.१ आहे, म्हणजे नॉर्मल. आम्हाला पोटॅशियम म्हणजे पालाश, ०-०-५० चं खत. तोच का हा? आणि इस्केमियाला मराठीत काय म्हणायचं? भावकी 'रक्त कमी झालंय' म्हणते, पण हिमोग्लोबिन १४ आहे.

सातारा, निवृत्त शिक्षिका: 'रक्त कमी' नकोच, तो रक्तक्षय, ॲनिमिया. इथे रक्त भरपूर आहे, एका भागाला पोचत नाही. कॅनॉल भरून वाहतोय आणि टेलच्या रानाला पाणी नाही, तसं. 'रक्तपुरवठा तुटणं' म्हणा, कुणालाही कळेल. पालाश म्हणजे पोटॅशियमच, पण गोणीवरचे ५० टक्के पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने असतात. निव्वळ पोटॅशियम ४१-४२ भरतं.

सांगली, फिजिशियन: ताईंचा शब्द चांगला आहे. मला 'पोटॅशियम वाढलं' या बोलण्यात घोळ दिसतो, कारण कुठलं ते कुणी सांगत नाही.

४.१ हा हाताच्या शिरेतल्या रक्ताचा आकडा. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं: लिटरमागे आत १४० च्या आसपास, बाहेर ४ मिलीमोल. या फरकावर हृदयाच्या स्नायूपेशीचा उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपासचा विद्युतदाब टिकतो. रक्तपुरवठा तुटला की पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, आटतं, सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा पंप ढेपाळतो, एटीपी असेतोवर बंद राहणाऱ्या पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, आणि ते बाहेर पाझरतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दहाएक मिनिटांत पेशीभोवती १० मिलीमोलच्या वर गेलेलं दिसतं. धुऊन न्यायला रक्तच नाही, म्हणून तिथेच साचतं. शिरेत मात्र ४.१ च!

साचलेल्या जागी पेशींचा हा विद्युतदाब उतरतो, सोडियमच्या वाहिन्या नीट उघडत नाहीत, करंट रेंगाळतो. शेजारचा स्नायू ठणठणीत. या तफावतीने ईसीजीच्या रेषेतला 'एसटी' नावाचा भाग वर-खाली सरकतो. आणि करंट तिथेच गोल फिरायला लागला तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं, मग शॉक द्यायचा. मी 'रक्तातलं' आणि 'पेशीबाहेर साचलेलं' असे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवतो.

तासगाव: मग साहेब, रक्तातला आकडा बघायचा कशाला?

सांगली: तो ३.५ च्या खाली गेला तर अटॅकमध्ये फिब्रिलेशनचा धोका वाढतो. लघवी होण्याच्या बऱ्याच गोळ्यांनी तो उतरतो. फार वाढला तरी वाईट, ईसीजीतल्या 'टी' लहरी उंच टोकदार होतात. पूर्वी ४ च्या वर ठेवा म्हणायचे. २०१२ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात अटॅकच्या पेशंटांपैकी ३.५ ते ४.५ वाल्यांत मृत्यू सगळ्यांत कमी दिसले.

मिरज, लॅब टेक्निशियन: एक भर. सुई नीट बसली नाही, सॅम्पल जोरात ओढलं, की रक्त फुटतं. तांबड्या पेशींतलं पोटॅशियम सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात, येतं आणि आकडा खोटा चढतो. सीरम पिवळसरऐवजी गुलाबी दिसलं की आम्ही परत रक्त मागतो. नातेवाईक चिडतात, चिडू देत.

तासगाव: घरी बीपीसाठी कमी सोडियमचं मीठ आणलंय, चालेल?

सांगली: त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती आहे आणि बीपीच्या गोळ्या कुठल्या, ते वॉर्डातल्या डॉक्टरांना दाखवा. तोवर ते बंद ठेवा.