टॅबवरचं पुस्तक: मूल वाचतंय की नुसतं ऐकतंय?

प्रश्न: मूल ६ वर्षांचं. मुळाक्षरं, काना-मात्रा येतात. पुस्तकाचा आवाज चालू असला की गोष्ट धडाधड म्हणतं. बंद केला की पहिल्याच जोडाक्षराला अडतं. काय बदलावं?

प्रतिसाद १: ते पाठांतर आहे, वाचन नव्हे. पहिल्यांदा आवाजासह ऐकू द्या, शब्दाखाली बोट फिरवत. दुसऱ्यांदा आवाज बंद, दोघांनी मिळून. मग एकट्याने, शक्यतो पानं उलटसुलट क्रमाने, म्हणजे पाठांतर चालत नाही. पानावर ५-६ शब्द अडले तर सोपं पुस्तक घ्या. ‘पुस्तक’ अडलं तर स् + त अशी फोड कागदावर लिहा.

प्रतिसाद २: फाइलही बघा. पीडीएफमध्ये अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि मुलाची ओळ चुकते. ईपबमध्ये (ई-पुस्तकांचा एक फाइल-प्रकार) मजकूर पडद्याच्या मापाने नव्याने मांडला जातो. स्थिर मांडणीच्या, म्हणजे पान जसंच्या तसं राहणाऱ्या चित्रपुस्तकात मात्र नाही. आवाजाबरोबर शब्द उजळण्याची सोय ईपब ३ या आवृत्तीत असते, पण प्रकाशकाने ती भरलेली हवी. युनिकोड (अक्षरांची सर्वमान्य संगणकीय संकेतपद्धती) नसलेल्या जुन्या फॉन्टची पीडीएफ असेल तर यंत्र भलतंच वाचतं.

प्रतिसाद ३: टिचकी मारली की बेडूक उडी मारतो, ती पुस्तकं सरावाला नकोत. लक्ष बेडकाकडेच जातं!