मदत हवी आहे : दिवे घाट, आई आणि परतीची सोय

गेल्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो. नवे कोरे बूट घालायचा शहाणपणा केला, वडकी नाल्यापर्यंत दोन्ही टाचा सोललेल्या. शेवटी एका वारकरी मावशींनी खोबरेल लावून जुन्या चपला दिल्या.

यंदा आईलाही यायचंय. वय ६४, गुडघे कुरकुरतात, पण रोज पर्वती चढते. हडपसरपासून चालून घाट चढायचाच, हा तिचा हट्ट. रिक्षावाल्यांना विचारलं, प्रत्येकाचं उत्तर वेगळं. स्वतःची गाडी नाही, मुक्कामही जमणार नाही.

घाट वाहनांना बंद असताना सासवडहून त्याच रात्री हडपसरला कसे परतलात? बोपदेव घाटाने काही मिळतं का?