कानात पडदे नेमके किती?

नौपाडाकर: बाबांच्या पडद्याला भोक होतं. परवा डॉक्टरांनी कॅमेऱ्याने कान स्क्रीनवर दाखवला. भोक भरलंय, पण तेवढाच मसुराएवढा भाग आरपार दिसतो. ‘तिथे मधला थर नाही’ म्हणाले, तेवढ्यात पुढचा पेशंट आत. हे थर कसले? आणि भिंतीवरच्या तक्त्यात आणखी आत पडदे दाखवले होते, ते कशाला?

वाशीची_ऑडिओमेट्री: वाशीत ऐकण्याच्या तपासण्या करते, असे कान नेहमीचेच. पडद्याला थर तीन. बाहेर कानाच्या नळीचीच कातडी, आत मध्यकर्णाचं, म्हणजे पडद्यामागच्या हवेच्या पोकळीचं अस्तर आणि मध्ये तंतू. सगळं मिळून जाडी साधारण ०.१ मिमी! ताण तंतूंमुळे. भोक बुजताना कातडी नि अस्तर सांधतात, तंतू बहुधा परत येत नाहीत. तेवढा भाग लुळा राहतो. टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते मोजतात त्या तपासणीत, आलेख उंचच उंच जातो. नवशिका असेल तर पडद्यामागच्या तीन छोट्या हाडांची साखळी सुटली की काय म्हणून घाबरतो. बाबांना सांगा, सर्दीत नाक जोरात शिंकरू नका, वर ओढूही नका. पडदा आत खेचला जाऊन खिसा झाला तर तो वाईट. मला भोकापेक्षा खिशाची धास्ती जास्त.

नौपाडाकर: सांगते, ऐकतील तर शपथ! आणि आतले पडदे?

वाशीची_ऑडिओमेट्री: त्यातला माझा लाडका गोल खिडकीवरचा. आतल्या कानाला दोन खिडक्या, लंबगोल नि गोल. आवाजाने रिकीब, म्हणजे त्या साखळीतलं शेवटचं हाड, लंबगोल खिडकीत आत दाबली जाते. पलीकडे कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखात, द्रव, भोवती हाड. द्रव दबत नाही, मग रिकीब हलणार कशी? गोल खिडकीवरचा पडदा तेवढाच मध्यकर्णाकडे फुगतो म्हणून. इटलीचे शरीररचनातज्ज्ञ स्कार्पा यांनी १७७२ सालीच त्याला दुय्यम कर्णपटल म्हटलंय. कॉक्लियाच्या आत बेसिलर पडदा: खिडक्यांकडे अरुंद नि ताठ, शेंड्याकडे रुंद नि सैल. त्यामुळे बारीक, म्हणजे उंच पट्टीचा आवाज खिडक्यांपाशी, जाडा आवाज शेंड्यापाशी उमटतो. शास्त्रज्ञ बेकेसींना १९६१चं नोबेल आवाजाने या पडद्यावर उठणाऱ्या लाटेच्या शोधासाठीच मिळालं.

ताशेवाला_ठाणे: म्हणजे ताशाच्या कडकडाटाने पडदा फाटत नाही तर? पथकात सगळे तीच भीती घालतात.

वाशीची_ऑडिओमेट्री: पडदा सहसा शाबूत राहतो हो. मरतात त्या बेसिलर पडद्यावरच्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तुमच्यासारखे वादक येतात, दुर्बिणीतून पडदा झकास, आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, ४००० हर्ट्झला खड्ड्यात. सरावालाही इअरप्लग घाला, नुसत्या विसर्जनाला नको.