वकील फाइल देत नाहीत, एनओसी (वकील बदलायला हरकत नाही असं पत्र) पण नाही. ठाणे कोर्टातली केस आहे, काय करावं?

कळव्याची_पोर: नमस्कार मंडळी. आजोबांच्या घरातला हिस्सा मामा देत नाही म्हणून आईने ठाणे कोर्टात वाटपाचा दावा लावलाय, सहा वर्षं झाली. वकीलसाहेब दर तारखेला दीड हजार घेतात, रोख, पावती कधीच नाही, आईने सगळे आकडे गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. मागच्या तारखेला मी सोबत गेले तर साहेब आलेच नाहीत, ज्युनियरने पुढची तारीख घेतली आणि बाहेर पॅसेजमध्ये येऊन पैसे मागितले. आता वकील बदलायचा म्हटलं तर आधी चाळीस हजार भरा मगच फाइल आणि एनओसी म्हणतात. आजोबांचं मूळ ॲग्रीमेंट त्या फाइलमध्ये आहे हो, आईला रात्र रात्र झोप नाहीये.

कोर्टनाका: ताई आधी आईला सांगा, फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाइल अडवता येत नाही. 2000 साली सुप्रीम कोर्टाने आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय. फी खरंच बाकी असेल तर त्याने वसुलीसाठी दावा लावावा, पक्षकाराचे कागद दाबून बसायचं नाही. आईच्या सहीने फाइल मागणारं पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. एनओसीवाचून पण गाडी अडत नाही, जुना वकालतनामा (वकिलाला दिलेलं अधिकारपत्र) रद्द करायची परवानगी द्या असा अर्ज आईच्या सहीने कोर्टातच देता येतो.

रोजनामा: वरच्यांशी सहमत. पत्राच्या उत्तराची वाट बघत बसू नका, कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज टाका. दावा, कैफियत (म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर), दाखल झालेले कागद, सगळ्याच्या सर्टिफाइड कॉपी मिळतात. ॲग्रीमेंट कोर्टात दाखल झालंय की साहेबांच्या कपाटातच आहे ते पण तिथे कळेल, हे आधी बघा. आणि ई-कोर्ट्स ॲपवर 16 अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकून तारखा बघायला शिका, म्हणजे पुढची तारीख ज्युनियरला विचारायला नको.

ऐरोली_सेक्टर: ग्राहक मंचात नाही का जाता येणार?

कोर्टनाका: नाही, 14 मे 2024 ला सुप्रीम कोर्टाने तो रस्ता बंद केला, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. तक्रार करायची तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 कलम 35 खाली. पण आधी कागद हातात घ्या, तक्रार नंतर.

वाशीची_मावशी: एक गोष्ट कोणीच सांगितली नाही म्हणून लिहिते. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या विधी सेवा कायद्याचं कलम 12. नोकरी असो पेन्शन असो, बाई आहे एवढं पुरे. ठाणे कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, हेल्पलाइन 15100. माझ्या जावेला तिथूनच वकील मिळाल्या, एक रुपया मागितला नाही, दर तारखेला स्वतः हजर. आपल्या बायका दागिने मोडून फिया भरतात आणि हे त्यांना कोणी सांगत नाही याचा मला फार राग येतो.

कळव्याची_पोर: सगळ्यांचे मनापासून आभार. आज सुट्टी टाकून गेले होते. नकलेच्या यादीत ॲग्रीमेंट दिसलं, मूळ प्रत कोर्टातच जमा आहे! आईला तिथूनच फोन केला, तिला बोलताच येईना. विधी सेवावाल्यांनी फॉर्म दिलाय, सोमवारी आईला घेऊन जाते.

वाशीची_मावशी: आधार कार्ड आणि केसचा नंबर बरोबर ने गं. आणि ते गॅसचं पुस्तक सांभाळ, तक्रारीला लागेल.