आजारी मुलाला मुंबईला नेणाऱ्या वडिलांना प्रवासभाड्यात सवलत मिळते का?

गुरुजी, चांदूर बाजार
नमस्कार. माझ्या वर्गातील आठ वर्षांच्या एका मुलावर परळच्या टाटा रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. वडील शेतमजूर आहेत. घरी तान्हे बाळ असल्यामुळे आईला निघता येत नाही, म्हणून दर खेपेला वडीलच त्याला घेऊन एसटीने अमरावतीला आणि तेथून रेल्वेने मुंबईला जातात. भाड्याचा खर्च तर होतोच, शिवाय तीन-चार दिवसांची मजुरी बुडते. मागच्या महिन्यात पैशांअभावी तपासणीची तारीख चुकली, हे मला वडिलांनी नव्हे, मुलाने सांगितले. त्यांना कोणती सवलत मिळू शकेल?

प्रतिसाद : वऱ्हाडकर
गुरुजी, रेल्वेची सवलत आहे आणि ती सोबत जाणाऱ्या एका माणसालाही मिळते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा ठरलेल्या तपासणीसाठी जाताना शयनयान वर्गात मूळ भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रेल्वेने ठरवून दिलेल्या नमुन्यातच डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. साध्या चिठ्ठीवर तिकीट मिळत नाही. माझ्या भाच्याच्या वेळी प्रमाणपत्रावर शिक्का राहून गेला होता आणि आम्हाला खिडकीवरून परत यावे लागले, म्हणून सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक रुग्णालयातच नीट पाहून घ्यावा. हे तिकीट मोबाइलवरून निघत नाही, आरक्षण खिडकीवरच काढावे लागते.

प्रतिसाद : सुनंदाताई
उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत असतील, तर घरी सोडल्यावर रुग्णालयातून गावापर्यंतचे रुग्णाचे एसटीचे किंवा रेल्वेच्या द्वितीय श्रेणीचे एक वेळचे भाडे त्या योजनेतच धरलेले असते. अनेकांना हे ठाऊक नसल्यामुळे ते मागितलेच जात नाही. मुलाला घरी सोडण्याआधी वडिलांनी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, त्याची आवर्जून चौकशी करावी.

प्रतिसाद : वाहक (निवृत्त)
गावापासून अमरावतीपर्यंतचा प्रश्न उरतोच. मुलाला वयामुळे एसटीत अर्धे तिकीट लागेल. १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे भाडे आहे, आणि ती सवलत योग्यच आहे. पण आजारी लेकराला कडेवर घेऊन चढणाऱ्या बापाला मी वर्षानुवर्षे पूर्ण तिकीट फाडून दिले आहे आणि ते देताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे. सवलत सोबत्याच्या नात्याकडे न पाहता रुग्णाच्या गरजेवरून ठरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुरुजी, चांदूर बाजार
आपणा सर्वांचा आभारी आहे. प्रमाणपत्राचे वडिलांना आजच सांगितले. पुढच्या खेपेचे एसटीचे भाडे आम्ही शिक्षक मिळून देत आहोत, आणि प्रमाणपत्र हाती आले की तिकीट काढायला अमरावतीच्या खिडकीवर मी स्वतः त्यांच्याबरोबर जाईन, कारण अर्ज भरताना त्यांना संकोच वाटतो.