अंगठा गेला 26 हजारवाल्याचा, हिशोब 15 हजारावर का?

धायरीकर: माझा मेहुणा उरणच्या न्हावा शेवा बंदरात ठेकेदाराकडे लॅशिंगला, म्हणजे जहाजावरचे कंटेनर आवळून बांधायच्या कामाला होता, वय 40. मार्च 2025 मध्ये कंटेनर आवळताना टर्नबकलमध्ये (आवळायच्या स्क्रूच्या पकडीत) उजवा अंगठा गेला, मुळापासून. आता पुण्यात आमच्याकडेच आहे, शर्टाचं बटण बहीण लावून देते. पगार 26 हजार, पण अपघाताच्या वेळी लागू असलेल्या, नोव्हेंबर 2025 पर्यंतच्या 1923 च्या भरपाई कायद्यात पगार जास्तीत जास्त 15 हजारच धरायचे, म्हणजे त्याच्या 60 टक्क्यांना वयाचा गुणक 184.17, त्यातले अंगठ्याचे 30 टक्के, होतात 4,97,259. खऱ्या पगारावर साडेआठ लाखांच्या वर गेले असते. मधला फरक कुणी खाल्ला? आणि ठेकेदार म्हणतोय दीड लाख घ्या नि मिटवा!

भोसरीवाला: दीड लाख चूकच आहे, पण मर्यादेवर मी वेगळं बोलेन. मीही ठेकेदारच, माझी पण 30 माणसं आहेत. हा कायदा मालकाची चूक होती का हे विचारतच नव्हता, कामावर लागलं की द्यायचं, म्हणून आकड्याला कुठेतरी छत लागतं, नाहीतर लहान ठेकेदाराला विम्याचा हप्ता झेपणार नाही आणि तो विमाच काढणार नाही, मग कामगाराला काय मिळणार?

वकीलताई_शिवाजीनगर: छत असू दे हो, पण ते 2010 पासून 8 हजारावर होतं ते थेट जानेवारी 2020 ला 15 हजार झालं. दहा वर्षं! महागाई थांबली होती का? आणि ठेकेदाराला झेपत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम 12 खाली मुख्य मालकाकडून, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्याकडून, घेता येते भरपाई.

भोसरीवाला: मुख्य मालक ते पैसे आमच्याच बिलातून कापतो ताई, तुम्ही कोर्टात बघता, आम्ही महिनाअखेरीला बघतो. दरवर्षी थोडी वाढवा, माझी ना नाही. एकदम खऱ्या पगारावर नेलंत तर पगार कागदावर कमी दाखवायला लागतील लोक.

धायरीकर: दादा, म्हणजे कुणी खोटं लिहील म्हणून खरं राबणाऱ्याचं कमी करायचं? हे नाही पटत. तो आता हूकसुद्धा पकडू शकत नाही, वीस वर्षांची कमाई बाकी होती त्याची.

वकीलताई_शिवाजीनगर: धायरीकर, दवाखान्याचा खर्च वेगळा मिळतो, भरपाईतून कापू देऊ नका. दावा तो राहतो तिथे, पुण्यातही लावता येतो, उरणला खेटे नकोत. मुदत अपघातापासून 2 वर्षं. दीड लाखाच्या कागदावर सही केलीय का?

धायरीकर: नाही, बहिणीने कपाटात ठेवलाय. आणि करायची म्हटली तरी डाव्या हाताने करावी लागेल त्याला.