पेकॉस: मातीच्या ढिगाऱ्यातून मातीचीच भिंत कशी ओळखायची?

थरवाचक:
अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतलं पेकॉस हे प्युब्लो मूळनिवाशांचं जुनं गाव, तिथे स्पॅनिश धर्मप्रसारकांचं मिशन होतं. आज उभे दिसणारे चर्चचे अवशेष १७१७ च्या सुमाराचे. १९६७ साली तिथे पुरातत्त्वज्ञ जीन पिंकली यांना १६२० च्या दशकातल्या कितीतरी मोठ्या चर्चचा पाया सापडला. पण भिंत कच्च्या विटांची, वर पडलेला ढिगारा त्याच मातीचा, भरावही तसाच. अशा ठिकाणी दोन बांधकामं वेगळी कशी काढतात?

कच्चीवीट:
सुरुवातीलाच खोल चर मारू नका, भिंत कापली गेल्याचं कळतही नाही. आडवं जा. एका वेळी ५ सेंमी माती थापीनं खरवडून काढा, मऊ ब्रशनं झाडा, बारीक फवाऱ्यानं पाणी मारून थोडं थांबा. वीट आणि सांध्यातला गारा यांची माती सहसा वेगळी, म्हणून त्या सारख्या वेगानं वाळत नाहीत आणि सांधे उमटतात. सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, भर दुपारी काही दिसत नाही. पाणी जास्त झालं तर पृष्ठभागावर चिखलाचा लेप बसतो आणि सगळं पुन्हा खरवडावं लागतं. विरघळून वाहिलेल्या मातीत सांधे नसतात, पातळ पापुद्रे असतात.

पेकॉसला रंगाचीही मदत झाली. जुन्या चर्चच्या विटा राखमिश्रित उकिरड्याच्या मातीच्या, काळपट, नंतरच्या लालसर. मात्र नुसत्या रंगावर जाऊ नका, जुन्या विटा पुन्हा वापरल्या जातात. तिथल्या कॉन्व्हेंटोच्या (धर्मगुरूंच्या निवासाच्या) आवारात काळ्या विटांची किवा, म्हणजे प्युब्लो लोकांची जमिनीखालची विधींची खोली, सापडली. स्पॅनिशांविरुद्धच्या १६८० च्या प्युब्लो उठावानंतर पडक्या चर्चच्या विटांतून ती बांधली, असं आधी मानलं गेलं; संशोधक जेम्स आयव्ही यांनी मात्र ती मिशनच्या सुरुवातीच्या काळातली ठरवली. वीट एकच, अर्थ दोन! म्हणून गारा, पायाची पातळी आणि कोणती भिंत कोणतीला छेदते, हे आधी नोंदवा.

खापरपेटी:
विटेतल्या खापरावरून बांधकामाची तारीख काढू नका. माती उकिरड्याची असेल तर खापरं विटेहून बरीच जुनी असू शकतात. त्यातलं सर्वांत अलीकडचं खापर एवढंच सांगतं, की वीट त्यानंतरची. अखंड फरशीखाली मेक्सिकोतल्या पुएब्लाची निळी-पांढरी मायोलिका (चकचकीत लेपाची मातीची भांडी) मिळाली, तर ती फरशी साधारण १७०० नंतरची.

जळकी तुळई सापडली तर धुऊ नका. सुती दोरा गुंडाळून बाहेरची कडा जपा. सालीलगतचं शेवटचं वाढीचं वर्तुळ निसटलं तर झाड तोडल्याचं वर्ष कळत नाही. या काळासाठी कार्बन-१४ वर भिस्त नको; १६५० नंतर त्याच्या तारखा फार पसरट येतात.

गावकूस:
चर्चच्या फरशीखाली दफनं असतात, हे धरूनच आराखडा करा. हाड दिसलं की काम थांबवून वंशजांशी बोलणी, अमेरिकेत केंद्र सरकारच्या आणि आदिवासी जमिनींवर १९९० च्या कायद्यानं हे बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. पेकॉसचे शेवटचे रहिवासी १८३८ मध्ये हेमेझ या दुसऱ्या प्युब्लो गावी गेले. पुरातत्त्वज्ञ किडर यांनी १९१५ ते १९२९ दरम्यान उकरलेले तिथले मानवी अवशेष १९९९ मध्ये परत येऊन पुन्हा पुरले गेले.

आणि उघडी पडलेली भिंत तशीच सोडू नका. जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टिनचा जांभा पाऊस सोसतो, कच्ची वीट नाही. त्याच दिवशी झाका. मोसम संपला की जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) अंथरून चाळलेली तिथलीच माती भरा. सिमेंटचा गिलावा तर नकोच: ओल आत कोंडते आणि भिंत पायथ्याशी पोखरते.